नदीचा मासा आणि हौदाचा मासा

मोकळ्या नदीत पोहणारा मासा कोणाचाच नसतो, आणि म्हणून त्याची चोरीही होऊ शकत नाही, हे कायद्याच्या विद्यार्थ्याला आरंभीच शिकवितात. तोच मासा एखाद्याच्या बंदिस्त तळ्यात असेल व तेथून त्यास निसटावयास वाट नसेल, तर तो तळ्याच्या धन्याच्या ताब्यातील वस्तू ठरतो. त्याला हात लावणारा चोर ठरतो. रोमन कायद्यापासून चालत आलेला हा भेद दंडविधानाच्या टीकाग्रंथांतून आपल्याकडे रुळला, आणि २०२४ साली दंडविधान जाऊन न्यायसंहिता आली तरी चोरीची कल्पना तीच राहिली. आम्हीही हा भेद पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि विसरून गेलो. परंतु या दोहोंत न बसणारा एक तिसरा मासा आहे. तो हौदात जन्मतो, माणसाच्या हातचे खाऊन बोटाएवढा होतो, आणि मग नदीत सोडला जातो. हा मासा नदीचा की हौदाचा? एका देवस्थानच्या कामानिमित्त हा प्रश्न आमच्यापुढे आला. ती हकीकत पुढे येईलच. पण ज्या देशात या प्रश्नावर कोर्टकचेऱ्या झाल्या, तेथून आरंभ करणे सोयीचे आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमन नावाचा मासा आहे. आपल्याकडील हॉटेलवाले रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणून ताटात वाढतात, त्यावर वाचकांनी जाऊ नये. दोघांचे गोत्र अगदी वेगळे. सॅमन डोंगरातल्या ओढ्यात जन्मतो, समुद्रात जाऊन तेथे काही वर्षे वाढतो, आणि अंडी घालण्याकरिता पुन्हा आपल्या जन्माच्या ओढ्याला परत येतो. भरुचकडे पावसाळ्यात समुद्रातून नर्मदेत चढणारा पाला मासा आमच्या बडोद्याकडील वाचकांना ठाऊक आहे. सॅमनचे चढणे त्याच जातीचे, पण कितीतरी लांबचे. बालपणी ज्या पाण्याचा वास नाकात भरला तेच पाणी तो शोधीत येतो. पॅसिफिककडील सॅमन अंडी घातल्यावर तेथेच देह ठेवतो. अशा येण्याजाण्यामुळे प्रत्येक नदीचे सॅमन हे एकेक निराळे घराणे बनले आहे. कोणी वसंतात चढतो, कोणी हिवाळ्यात. कोणाला बर्फाचे पाणी मानवते, कोणाला झऱ्याचे. ही घराणी हजारो वर्षांत घडली.

१८७२ साली लिव्हिंग्स्टन स्टोन नावाचे गृहस्थ कॅलिफोर्नियातील मॅक्लाउड नदीकाठी येऊन पोहोचले. ते पूर्वी धर्मोपदेशक होते. धर्मपीठ सोडून माशांच्या नादी लागले होते. पूर्वेकडील नद्यांतला सॅमन गिरण्या, बंधारे आणि बेसुमार मासेमारी यांनी संपत आला होता. तेव्हा पश्चिमेकडची अंडी नेऊन तेथे मासा नव्याने उभा करावा, अशी सरकारची कल्पना. स्टोन यांनी मॅक्लाउडवर उभारलेल्या केंद्राला मत्स्यविभागाचे प्रमुख बेअर्ड यांचे नाव मिळाले. पूर्वेकडे तो प्रयोग साधला नाही. पण बेअर्ड केंद्राची रीत मात्र साऱ्या किनाऱ्यावर पसरली.

रीत साधी आहे. चढून आलेली मादी धरावयाची, तिचे पोट चिरून अंडी भांड्यात घ्यावयाची, त्यांवर नराचे रेत घालून हलक्या हाताने ढवळावयाचे, आणि ती फळ्यांवर पसरून त्यांवरून थंड पाणी वाहते ठेवावयाचे. नदीच्या वाळूगोट्यांत घातलेल्या अंड्यांतून जगून समुद्रापर्यंत जाणारी पिल्ले फार थोडी; केंद्रात मात्र बहुतेक अंडी फुटतात. जो हिशेब करील त्याला हा विजयच वाटणार. पुढे मोठी धरणे आली तेव्हा हाच हिशेब कामी आला. शास्टा धरण १९४५ साली पुरे झाले आणि मॅक्लाउडचा वरचा प्रवाह सॅमनला कायमचा बंद झाला; बेअर्ड केंद्राची जागाही त्याच जलाशयात बुडाली. कोलंबिया नदीवर ग्रँड कूली धरणाला माशांसाठी वाटच ठेवली नव्हती. वाट अडवावयाची आणि मोबदला म्हणून खाली मत्स्यबीज केंद्र काढून द्यावयाचे, हा जणू करारच झाला. वकिलाच्या नजरेला हा करार ओळखीचा आहे. जमीन जाते आणि नुकसानभरपाईचा आकडा हाती पडतो. तो आकडा जमिनीएवढा आहे काय, हे पुढची पिढी विचारते.

सॅमनच्या बाबतीत उत्तर यावयास शंभर वर्षे लागली. हौदात खाद्य वरून पडते; जे पिल्लू धीटपणे वर झेपावते ते पुष्ट होते. नदीत तसेच झेपावणारे पिल्लू खंड्या पक्ष्याच्या चोचीत जाते. हौदात लपावयाचे कारण नाही, झुंजावयाचे कारण नाही, पूर नाही, दुष्काळ नाही. म्हणजे नदी ज्याला नापास करील तो येथे उत्तीर्ण होतो, आणि मोठा झाल्यावर नदीत येऊन नदीच्याच माशांशी लग्न लावतो. ऑरेगन राज्यातील हुड नदीत सॅमनचाच भाऊबंद असलेल्या स्टीलहेड माशांच्या अनेक पिढ्यांची वंशावळ शास्त्रज्ञांनी तपासली. बंदिस्त वाढविलेल्या एकेका पिढीमागे त्यांची नदीत संतती वाढविण्याची शक्ती सुमारे ४० टक्के घटते, असा त्यांचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. ही घट डोळ्यांना दिसत नाही. मासा तसाच चकाकतो, तसाच उडी घेतो.

रोगाचेही तसेच. थोड्या पाण्यात पुष्कळ पिल्ले कोंडली की रोगाला दाराशी जावे लागत नाही. तो घरातच राहतो. १९५० नंतरच्या दशकात वॉशिंग्टन आणि ऑरेगनमधील केंद्रांत सॅमनची पिल्ले एका विषाणूने पटापट मरू लागली. खाद्य म्हणून त्यांना मोठ्या सॅमनचेच कच्चे मांस व आतडी दळून घातली जात, आणि त्या वाटेने रोग पिढी दर पिढी पोहोचविला जात होता. पुढे खाद्य तापवून निर्जंतुक करण्याची पद्धत आली. नॉर्वेची गोष्ट याहून दुःखाची आहे. तेथे १९७५ च्या सुमारास स्वीडनकडून आलेल्या केंद्रातल्या माशांबरोबर अर्ध्या मिलिमीटरहून लहान असा एक परजीवी कृमी आला. बाल्टिक समुद्राकडील सॅमनला त्याची सवय होती. त्याच्या अंगावर तो निरुपद्रवी भाडेकरू होता. नॉर्वेच्या सॅमनला ती सवय नव्हती. सुमारे पन्नास नद्यांत कृमी पसरला, आणि अखेर त्या नद्या वाचविण्यासाठी नद्यांतच विष घालून त्यांतला प्रत्येक मासा मारावा लागला. आधी त्या त्या नदीच्या सॅमनची अंडी व रेत काढून दूरच्या केंद्रात जपून ठेवली, मग नदी मारली, मग जपलेले बीज पुन्हा नदीत घातले. मत्स्यबीज केंद्राने आणलेला रोग मत्स्यबीज केंद्राच्याच मदतीने निस्तरला गेला, हे येथे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

आता कोर्टाकडे वळू. ऑरेगनच्या किनाऱ्यावरील कोहो जातीच्या सॅमनला सरकारने १९९८ साली १९७३ च्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण दिले. तथापि ते दिले केवळ नदीत जन्मलेल्या माशांना. त्याच घराण्यातून काढलेल्या, केंद्रात जन्मलेल्या माशांना नाही. केंद्राचे मासे परत आले की, नदीत फार होऊ नयेत म्हणून, त्यांना दांडक्यांनी मारीत. त्याचे चित्रण लोकांनी पाहिले आणि गहजब झाला. एकीकडे मासा दुर्मिळ म्हणून आमची लाकूडतोड आणि मासेमारी थांबविता, आणि दुसरीकडे तोच मासा ठोकून मारता, हा कोणता न्याय? दावा दाखल झाला. १० सप्टेंबर २००१ रोजी न्यायाधीश मायकेल होगन यांनी सरकारची यादी रद्द केली. त्यांचे म्हणणे असे, की केंद्राचा मासा आणि नदीचा मासा एकाच समूहातले आहेत असे सरकार एकदा म्हणाले, की मग त्या समूहाचे दोन तुकडे करून एकालाच संरक्षण देण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही.

आम्ही तो निवाडा दोनदा वाचला. शब्दार्थ म्हणून तो बरोबर आहे असे आमचे मत आहे. आम्ही त्या बाकावर असतो तर दुसरा निकाल लिहिणे आम्हाला जड गेले असते. पण त्या निकालाच्या मागोमाग जो युक्तिवाद येतो तो भयंकर आहे. केंद्राचे मासे मोजणीत धरले की नदी भरलेली दिसते. नदी भरलेली दिसली की संरक्षणाची गरज सरते. संरक्षण सरले की खरी नदी मेली तरी आकडा जिवंत राहतो. सरकारने २००५ साली नवे धोरण केले: केंद्राचे मासे समूहात गणावेत, पण समूहाचे क्षेमकुशल ठरविताना नदीत आपोआप टिकून राहणाऱ्या माशांकडे पाहावे. २००९ साली अपील न्यायालयाने ते मान्य केले. कायद्याला उशिरा का होईना वंश आणि संख्या यांतला फरक कळला. कोळ्यांना मात्र तो रोज कळतो: केंद्राच्या पिल्लांचा शेपटीजवळचा लहानसा मांसल पर सोडण्यापूर्वी कापतात. ज्याचा पर कापलेला तो घरी न्यावा, ज्याचा शाबूत तो नदीला परत द्यावा, असा अनेक नद्यांवर नियम आहे.

हे सारे दूरदेशचे झाले असे वाचकांस वाटेल. पण लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांचे मत्स्यबीज केंद्र आहे, आणि त्याची गोष्ट सॅमनच्या गोष्टीला येऊन मिळते. कर्नल साइक्स याने १८३९ साली पुण्याच्या मुळामुठेतील महाशीर माशाचे वर्णन 'खुद्री' या नावाने शास्त्रात दाखल केले. निळसर परांचा हा देखणा मासा धरणांनी, सुरुंगांनी आणि विषाने संपत चालला, तेव्हा १९७० नंतरच्या दशकात डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि डॉ. ओगले यांनी लोणावळ्यास त्याची कृत्रिम पैदास साधली. ओल्या कापसात ठेवलेली महाशीराची अंडी दूरवर जिवंत पोहोचतात, हेही त्यांनीच दाखवून दिले. केवढी ही कामगिरी! तेथील बोटुकली देशातील अनेक राज्यांत गेली, आणि जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत एके काळी 'संकटग्रस्त' असलेला खुद्री आज त्या वर्गात नाही.

पण बोटुकली कावेरीतही गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता: पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, माणसाएवढा. १९४६ साली कबिनी नदीत गळाला लागलेला एक १२० पौंडांचा होता. गळ टाकणाऱ्या साहेबांनी त्याची कीर्ती जगभर केली. पण दीडशे वर्षांत कोणी त्याला धड शास्त्रीय नाव दिले नाही. आणि ज्याला नाव नाही त्याची लाल यादीत नोंद नाही, नोंद नाही म्हणून त्याच्या वतीने कोणी उभा नाही. पक्षकाराच्या नावाशिवाय दावा चालत नाही, हे आम्हाला निराळे सांगावयास नको. हौशी गळकऱ्यांनी १९९८ ते २०१२ पर्यंत ठेवलेल्या वह्यांवरून संशोधकांनी २०१५ साली जे मांडले ते असे: कावेरीत सापडणाऱ्या महाशीरांची संख्या वाढत होती, पण वाढत होता तो निळ्या परांचा पाहुणा, उंच पाठीचा घरधनी क्वचित मिळे, आणि मिळे तो म्हाताराच, म्हणजे त्याची नवी पिढी येतच नव्हती. संख्या पाहणाऱ्याला नदी भरभराटीला आली असे वाटले असते. २०१८ साली त्या माशाची ओळख पटली. केरळातल्या पांबर नदीतून २००७ साली वर्णिलेला आणि प्राणिसर्वेक्षणातील विदुषी रेमादेवी यांचे नाव धारण करणारा मासा तो हाच. त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून यादीत चढला. त्याचे काही वंशज मोयार नदीत अद्याप आहेत.

लोणावळ्याच्या केंद्राला आम्ही दोष देत नाही. मुळामुठेच्या माशाला त्यांनी वाचविले. परंतु एका नदीचे पुण्य दुसऱ्या नदीत ओतले तर ते पुण्यच राहते असे नाही.

देवस्थानची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. सीमाभागातील एका जुन्या देवालयाच्या पायाशी डोह आहे. तेथील मासे देवाचे, त्यांना कोणी धरीत नाही. अशी स्थाने आपल्याकडे पुष्कळ आहेत. तुंगेकाठी शृंगेरी सर्वांना माहीत आहे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंडीला वरदायिनीच्या आश्रयाने महाशीर राहतात. दक्षिण कन्नड जिल्ह्यात शिशिलेश्वरापुढील कपिला नदीत १९९६ साली कोणी विष घातले व हजारो मासे मेले, तेव्हा गावाने त्यांचे स्मारक बांधले. सोमवार-एकादशी सोडून एरवी ज्यांच्या पानात मासा असतो तेही या डोहांपुढे हात जोडतात. आमच्या त्या डोहातील मासे अलीकडे कमी झाले होते. एका सधन भक्ताने दहा हजार बोटुकली विकत आणून वाजतगाजत सोडण्याचा संकल्प केला, आणि विश्वस्तांनी सल्लागार म्हणून आमचा अभिप्राय मागितला.

दाता बैठकीस आला तो शतपथ ब्राह्मणातील कथा घेऊनच. मनूच्या ओंजळीत लहानसा मासा आला; त्याने त्याला घड्यात वाढविले, मग खड्ड्यात, आणि अखेर समुद्रात सोडले. "वकीलसाहेब, मत्स्यबीज केंद्र तेव्हाचेच आहे," ते म्हणाले. युक्तिवाद चांगला होता. आम्ही एवढेच विचारले, की मनूच्या हाती मासा आला तो त्याच्याच हात धुण्याच्या पाण्यातून आला, आणि आपल्याला कोठे सोडावे हेही त्या माशानेच सांगितले. आपल्या दहा हजारांना कोणी विचारले आहे काय? विश्वस्त हसले. पण पुढचे बोलणे हसण्याचे नव्हते. देव ही कायद्याने व्यक्ती आहे, त्याला स्वतःची इच्छा आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मानले. डोहातील माशांवर त्याचे छत्र पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते मासे कोणत्या घराण्याचे, हे एकालाही सांगता येईना. विकत आणावयाची पिल्ले कोणत्या नदीच्या माद्यांची, तेही विक्रेत्याच्या कागदावर नव्हते. ती निरोगी आहेत याचा दाखला नव्हता. मग एका निनावी वंशात दुसरा निनावी वंश मिसळण्याची परवानगी विश्वस्त कोणाच्या वतीने देणार?

आम्ही लेखी अभिप्राय दिला. डोहात आज काय आहे ते जाणकाराकडून आधी पाहून घ्यावे. मासे का घटले याची चौकशी करावी. ती करताना उघड झाले की वरच्या अंगाला कोणी सुरुंग लावून मासे मारतात. त्याला १८९७ चा मत्स्य कायदा पुरेसा आहे; सुरुंग आणि विष दोन्हींना त्यात शिक्षा सांगितली आहे, फक्त तक्रार कोणी केलेली नव्हती. दात्याने आपली रक्कम पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात डोहावर रात्रीचा राखणदार ठेवण्यासाठी द्यावी, असे सुचविले. ते दात्यास रुचले नाही. बोटुकली सोडण्याचा फोटो निघतो, राखणदार ठेवण्याचा निघत नाही. त्यांच्या देणगीतून सभामंडपाला नवी फरशी झाली, तीही चांगली झाली आहे. राखणदाराचा पगार गावातील कोळ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून निघतो.

विचारल्याविना मासा कोठे नेऊ नये, हे आम्ही बैठकीत विनोदाने बोललो. पण पृथ्वीवर एक समाज हे अक्षरशः मानतो. मॅक्लाउड नदीचे मूळ रहिवासी विन्नेमेम विंटू यांच्या श्रद्धेप्रमाणे माणसाला प्रथम वाचा नव्हती. सॅमनने आपली वाचा त्याला दिली. सॅमनला ते 'नूर' म्हणतात. स्टोन यांचे केंद्र त्यांच्याच भूमीवर उभे राहिले, आणि शास्टाच्या जलाशयात तिचा मोठा भाग गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियाची अंडी न्यूझीलंडला गेली होती. ती तेथील नद्यांत रुजली, आणि तेथे सॅमन कोणाच्याही मदतीवाचून समुद्रात जाऊन परत येऊ लागला. आपल्या नदीचे नूर तेथे आहेत अशी विन्नेमेमांची धारणा झाली. २०१० साली त्यांच्या प्रमुख कॅलीन सिस्क आपल्या लोकांसह न्यूझीलंडला गेल्या. राकाइया नदीच्या काठी, तेथील माओरी यजमानांच्या साक्षीने, त्यांनी नृत्य केले आणि सॅमनची क्षमा मागितली.

कॅलिफोर्नियात मागे राहिलेल्या हिवाळी चिनूक सॅमनला झऱ्याच्या थंडगार पाण्यात भर उन्हाळ्यात अंडी घालण्याची सवय. धरणाने ते पाणी तोडले. १९९४ साली परत आलेले मासे दोनशेपेक्षाही कमी होते. त्यांचा वंश धरणाच्या पायथ्याशी एका केंद्रात जपला गेला, आणि त्या केंद्राला नाव आहे लिव्हिंग्स्टन स्टोन यांचेच. २०२२ च्या कडक दुष्काळात त्या केंद्रातली सुमारे चाळीस हजार अंडी, दोन खेपांत, मॅक्लाउडच्या काठी आणली गेली. सरकारी शास्त्रज्ञांच्या बरोबरीने विन्नेमेमांनी नदीकाठी तळ दिला, प्रार्थना केली, आणि पिल्ले फुटून थंड पाण्यात शिरेपर्यंत अंड्यांवर लक्ष ठेवले. पुढील वर्षी सरकारने या कामात त्यांचा बरोबरीचा अधिकार लेखी मान्य केला. धरणातून खाली उतरावयास अजून वाट नाही. म्हणून पिल्ले मोठी होऊन समुद्राकडे निघाली, तेव्हा त्यांना जाळ्यात धरले, गाडीत घातले आणि धरणाच्या खालच्या अंगाला सॅक्रामेंटो नदीत नेऊन सोडले.